चेहरा गप्प होता त्या दिवशी

बिबवेवाडीतल्या डॉ. नाजिमा बागवान यांच्या त्वचेच्या दवाखान्यात त्या दिवशी सगळ्यांचीच तोंडं पडली होती, कारण लेझरचं मशीन बंद पडलं होतं.

"इंजिनिअर आलेत, बघतायत. अर्धा तास लागेल," रिसेप्शनवरची कल्याणी प्रत्येकाला सांगत होती. हा अर्धा तास सकाळी दहाला सुरू झाला होता आणि आता पावणेबारा वाजत आले होते.

तनया पंख्याखालची खुर्ची पकडून बसली होती. धायरीहून बिबवेवाडीपर्यंत ऑक्टोबरचं ऊन अंगावर घेत ती स्कूटरवरून आली होती, त्यामुळे आपलं तोंड कसं दिसत असेल हे तिला आरशाशिवाय कळत होतं. दोन्ही गाल, नाकाचा शेंडा, हनुवटी... सगळं लालेलाल. समोरच्या काकूंनी तिच्याकडे तीनदा पाहिलं आणि चौथ्यांदा त्यांना राहवलं नाही.

"ताप आहे का गं तुला?"

"नाही काकू."

"मग लग्नबिग्न ठरलंय वाटतं!"

तनया नुसती हसली. वयाच्या विशीपासून तिच्या गालांबद्दल लोकांचे दोनच अंदाज असायचे, एक तर ताप नाही तर लग्न. चौतिशीत लग्नाचा अंदाज करणारं कुणी भेटलं, याचंच तिला जरा बरं वाटलं. भिंतीवर डॉक्टरांच्या अक्षरातली पाटी होती: 'क्रीमचा गुण यायला दोन महिने लागतात. दोन दिवसांनी फोन करू नये.' ती पाटी तिनं सातव्यांदा वाचायला घेतली, तेवढ्यात आतल्या खोलीचं दार उघडलं.

"झालंय काम," कुणीतरी म्हणालं. "पण पहिला पेशंट जरा धीराचा पाठवा. रुसून उठलंय मशीन, अजून नीट बोलत नाहीये."

तनयाची मान पटकन वर झाली. चेहरे ती विसरायची, आवाज नाही. तिचं कामच आवाजाचं होतं. अंध विद्यार्थ्यांसाठी ती पाठ्यपुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायची. या कामाला गळा लागतो, चेहरा लागत नाही, हे ते काम धरण्याचं एक कारण होतं आणि ते तिनं मुलाखतीत सांगितलं नव्हतं.

दारात तो उभा होता. गळ्यात लटकवलेला जाड निळा चष्मा, हातात स्क्रूड्रायव्हर, कानांपाशी थोडे पांढरे झालेले केस... आणि तेच डोळे. कुणाकडे पाहताना एक भुवई जरा वर जायची त्याची. आत्ताही गेली.

"तनया?"

"आमोद... तू मशीन दुरुस्त करतोस?"

"तू इथं पेशंट आहेस?"

"छे! मी इथं पंख्याचा वारा खायला येते."

तो हसला, अगदी तसाच, आधी डोळ्यांनी आणि मग तोंडानं. "काही बदलली नाहीस तू."

"तोंड अजून लाल आहे म्हणून म्हणतोयस?"

त्याचं हसू एकदम विझलं. स्क्रूड्रायव्हर त्यानं या हातातून त्या हातात घेतला. "नाही... तसं नव्हतं म्हणायचं मला," तो म्हणाला, आणि दोघंही पंख्याकडे पाहू लागले.

"तनयाताई," कल्याणीनं हाक मारली, "धीराच्या तुम्हीच आहात. चला आत."

डोळ्यांवर झाकण बांधून ती आडवी झाली. गालावर रबरबँड टचकन बसावा तसे लेझरचे चटके बसत होते, मागून गार हवेचा झोत येत होता आणि तनयाचं मन मात्र सरळ चौदा वर्षं मागं जाऊन खडकीच्या फलाटावर उभं राहिलं होतं.

काय दिवस होते ते! कॉलेजचं तिसरं वर्ष, आंतरमहाविद्यालयीन एकांकिका स्पर्धा, आणि तालमींच्या नावाखाली संध्याकाळी आठपर्यंत घराबाहेर राहायची राजमान्य परवानगी. तनयाला न्यायाधीशाची भूमिका मिळाली होती. दगडासारखी बाई, जी शेवटी स्वतःच्या भावाला फाशी सुनावते. आवाज तर असा लागायचा की मागच्या रांगेत चाललेली कुजबुज थांबायची. अडचण एकच. दिवे पेटले की पाचव्या मिनिटाला न्यायाधीशाचे गाल लाल व्हायचे.

"अगं, फाशी देतेयस की साखरपुड्याला उभी आहेस?" दिग्दर्शक दत्तप्रसाद ओरडायचा. सगळे हसायचे. तनयाही हसायची आणि मग मुलींच्या खोलीत जाऊन तोंडावर पाणी मारत बसायची.

हसायचा नाही तो एकटा आमोद. तो प्रकाशयोजना करायचा. बुधवार पेठेत 'खळदकर इलेक्ट्रिकल्स' हे त्यांचं दुकान, त्यामुळे वायरी, होल्डर आणि फ्यूज हे त्याचं बाळकडूच. तालमीत तो फारसा बोलायचा नाही, वर माळ्यावर बसून दिव्यांशी खेळत राहायचा. पण तालीम संपली की तनयाच्या सायकलपाशी त्याला नेमकं काहीतरी काम निघायचं.

स्पर्धेच्या दिवशी मात्र चमत्कार झाला. चाळीस मिनिटं तनयाचे गाल शहाण्यासारखे वागले. तिला अभिनयाचं उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं आणि एका परीक्षकांनी तर शेऱ्यात लिहिलं, 'चेहऱ्यावरचा संयम वाखाणण्याजोगा.' तो शेरा तिनं आईला चारदा वाचून दाखवला होता.

स्पर्धा संपली तरी आमोद भेटत राहिला. तनयाचे बाबा दारूगोळा कारखान्यात होते, त्यामुळे ते खडकीला क्वार्टर्समध्ये राहायचे. आमोद लोकलनं खडकीला यायचा. का, तर म्हणे इथं वायर चांगली मिळते! बुधवार पेठेतला मुलगा वायर घ्यायला खडकीला येतो, यावर तनयाच्या आईनं फक्त "हो का!" एवढंच म्हटलं होतं, आणि त्या दोन शब्दांत सगळं आलं होतं.

मग तो मे महिना आला. दुपारी दोनची वेळ. स्टेशनजवळ दोघांनी मिसळ खाल्ली, तीही पैज लावून तिखट, आणि वर कडक चहा. फलाटावर सावली म्हणून नव्हती. लोकल दिसायला लागली तसा आमोद एकदम म्हणाला, "तनया, मला तू आवडतेस... म्हणजे, नेहमीसाठी. तुला?"

तिला हो म्हणायचं होतं. केव्हापासून म्हणायचं होतं! पण त्या क्षणी आतून असा काही भडका उडाला की कानांच्या पाळ्यांपासून गळ्यापर्यंत सगळं पेटलं. डोळ्यांत पाणी उभं राहिलं, ओठ आवळले गेले आणि शब्द काही फुटेना. आमोदनं तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "सॉरी. विसरून जा हं," आणि गाडीत चढला.

घरी येऊन तनयानं आरशात पाहिलं. सोललेल्या टोमॅटोसारखं तोंड, सुजलेले डोळे. तिला सगळं समजलं, किंवा समजलं असं वाटलं. हे तोंड जन्मभर समोर ठेवायचं म्हटल्यावर कुणीही गाडी पकडेल. त्यानं फोन केला नाही, तिनंही केला नाही. दोघंही पुण्याचे होते. आधी फोन करायचा म्हणजे काय?

महिनाभरात तो नोकरीसाठी नागपूरला गेल्याचं कळलं. रंगमंचावर ती त्यानंतर पुन्हा चढली नाही.

"संपलं," डॉ. नाजिमांचा आवाज आला. "उठा सावकाश. दोन-तीन दिवस सूज राहील. कुणी विचारलं तर सांगा, मधमाशी चावली."

या डॉक्टरणीवर तनयाचा जीव होता, कारण तिच्या गालांना पहिल्यांदा नाव दिलं ते यांनी. त्याआधी सगळे नुसते उपाय द्यायचे. आई म्हणायची पित्त आहे. मग गुलकंद, सब्जा, मुलतानी माती. मावशी म्हणायची लिंबू लाव. लिंबानं तर तिला रडवलं होतं. शेजारच्या वहिनींनी एक ट्यूब आणून दिली होती, चार दिवसांत चेहरा उजळतो म्हणून. उजळला, खरंच. वर्षभर ती ट्यूब लावली आणि थांबवल्यावर गालांवर बारीक लाल शिरांची जाळी उठली. जूनमध्ये ती या दवाखान्यात आली तेव्हा डॉक्टरांनी भिंग लावून पाहिलं आणि म्हणाल्या, "याला रोझेशिया म्हणतात. आणि त्या ट्यूबमध्ये स्टेरॉईड होतं. जे जे लावताय ते सगळं आधी बंद. मग काय लावायचं ते बोलू."

"बरा होतो का हा?"

"माझ्या सासूबाईंसारखा आहे. बदलत नाही, पण नीट वागवला तर त्रास देत नाही."

मग सौम्य फेसवॉश आला, उन्हासाठी झिंकचं क्रीम, रात्रीचं जेल, दोन महिने लहान डोसची कॅप्सूल, आणि कडक चहा-तिखट-ऊन यांच्यापासून चार हात दूर राहण्याचा हुकूम. पुरळ गेलं, जळजळ गेली. उरल्या त्या शिरा, त्यांच्यासाठी हे लेझर. महिन्या-सव्वा महिन्याच्या अंतरानं तीन वेळा.

गालावर बर्फाची पिशवी धरून ती बाहेर आली, तर आमोद पायऱ्यांवर बसला होता. टूलबॉक्स शेजारी ठेवून, शाळा सुटायची वाट पाहणाऱ्या पालकासारखा.

"मशीन नीट बोललं ना?"

"बोललं. फार टोचून बोलतं पण."

"चहा घेऊया?"

"गरम चालत नाही मला."

"मग गार करून घेऊ," तो म्हणाला, जणू इतकी वर्षं तो हेच वाक्य खिशात घेऊन हिंडत होता.

समोरच्या अमृततुल्यमध्ये त्यानं एक चहा आणि एक रिकामी बशी मागवली. मालकांनी "बशी? कशाला?" असं विचारून घेतलं, कारण हल्ली बशीत चहा ओतणारं गिऱ्हाईक येत नाही. आमोदनं चहा बशीत ओतला आणि बशी दोन बोटांवर धरून हळूहळू फिरवत बसला. वाफ निघून गेली की बशी तिच्यापुढं सरकवायची, पुन्हा भरायची. तेवढ्या वेळात त्यांनी एकमेकांची चौदा वर्षं ऐकली. तो नागपूरनंतर हैदराबादला होता. दोन वर्षांपूर्वी वडील गेले तेव्हा पुण्यात परत आला. दुकान भाऊ सांभाळतो.

"लग्न?" तिनं बशीकडे पाहत विचारलं.

"एक ठरलं होतं, मोडलं. ती म्हणाली, तू माणसांपेक्षा मशीनशी जास्त बोलतोस. खरंच होतं ते. तुझं?"

"दोन स्थळं आली. दोघांनीही विचारलं, हा लालपणा पुढच्या पिढीत उतरतो का."

"मग तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, पुढची पिढी तुमच्यावर गेली तर जास्त काळजी वाटेल मला."

आमोद इतका हसला की बशीतला चहा सांडला. तनयाही हसली आणि हसता हसता तिच्या मनात आलं, असं हसायला आपल्याला शेवटचं कुणी लावलं होतं? उत्तर समोरच बसलं होतं, टेबल पुसत.

त्यानंतर डॉक्टरांच्या मशीनला काय झालं कोण जाणे! नुसती तपासणी, मग कसला तरी पार्ट, मग पुन्हा तपासणी. आणि प्रत्येक वेळी वार तोच, जो तनयाच्या तपासणीचा. "सहा वर्षांत माझं मशीन एकदा बिघडलं," डॉ. नाजिमा प्रिस्क्रिप्शनवरून मान वर न करता म्हणाल्या, "आणि दोन महिन्यांत पाच वेळा दुरुस्त झालं. कंपनीला पत्र लिहून कौतुक कळवावं म्हणते." तनयाला उगाच पर्समधलं काहीतरी शोधावं लागलं.

नोव्हेंबरात दुसरं लेझर झालं. सूज उतरल्यावर डॉक्टरांनी उन्हाचं नवं क्रीम दिलं, थोडं हिरवट. "घाबरू नका, भूत दिसणार नाही. हिरव्यानं लाल मरतं." ते लावून ती अमृततुल्यमध्ये आली आणि आमोदपुढं गाल वळवून बसली.

"बघ, काही दिसतंय? हिरव्यानं लाल मरतं म्हणे. मला आज कळलं, या वयात!"

आमोद बशी फिरवत होता. ती फिरायची थांबली.

"मला माहीत होतं," तो म्हणाला. "तेव्हापासून."

"केव्हापासून?"

"स्पर्धेपासून..." तो जरा अडखळला. "तुझ्यावरच्या स्पॉटला मी हिरवा जिलेटिन पेपर लावला होता. अगदी फिकट. बुधवारातली तीन दुकानं पालथी घातली. मिळायचा तो सगळा पोपटी. पहिल्यांदा लावून बघितला तर दत्तप्रसाद म्हणाला, न्यायाधीश आहे की हडळ! शेवटी आमच्याच दुकानाच्या माळ्यावर एका जुन्या खोक्यात हवा तसा तुकडा सापडला. दिव्याच्या उष्णतेनं तो वितळायला लागायचा, म्हणून चाळीस मिनिटं पुठ्ठ्यानं वारा घालत बसलो होतो वर."

तनया त्याच्याकडे पाहतच राहिली. चेहऱ्यावरचा संयम वाखाणण्याजोगा! तो संयम वर माळ्यावर बसून पुठ्ठ्यानं वारा घालत होता तर.

"म्हणजे ते बक्षीस तुझं होतं."

"अर्धं. फाशी सुनावताना तुझी पापणी लवली नव्हती. ते तुझं."

"मला सांगितलं का नाहीस कधी?"

"तू इतकी खूश होतीस..." तो म्हणाला. "सांगून काय केलं असतं? खूश होतीस, तेवढं पुरलं मला."

त्या दिवशी स्कूटर चालवताना तनयाला दोनदा हॉर्न खावे लागले. लोकांनी आपल्याला हसू नये म्हणून चाळीस मिनिटं वारा घालत बसणारा मुलगा, आपलं लाल तोंड पाहून पळून जाईल? हे जुळत नव्हतं. चौदा वर्षं जे पक्कं धरून चाललो तेच मुळात चुकलं असेल, तर? मग तो का गेला? विचारायला हवं होतं. पण विचारलं आणि त्यानं खरंच तेच उत्तर दिलं तर... म्हणून तिनं विचारलं नाही. पुढच्या वेळी, असं म्हणत राहिली.

डिसेंबरात तिसरं लेझर झालं त्या दिवशी आमोद बशी फिरवता फिरवता म्हणाला, "कंपनी इंदूरला पाठवतेय. एक तारखेपासून. तीन वर्षं."

तनयानं बर्फाची पिशवी या गालावरून त्या गालावर घेतली.

"छान," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओत हे ऐकून निकितानं कपाळाला हात लावला. निकिता रेकॉर्डिंग करायची, काचेच्या पलीकडे बसून तिला तनयाच्या श्वासाचा लहानसा अडथळासुद्धा ऐकू यायचा, आणि आज सकाळपासून आठवीच्या भूगोलात तिला अडथळेच अडथळे ऐकू येत होते.

"छान? तू त्याला छान म्हणालीस? यार तनया, साडी दाखवत होता का तो तुला?"

"मग काय म्हणायचं होतं?"

"जाऊ नकोस म्हणायचं होतं! निदान तेव्हा का गेलास ते तरी विचार. परत कधी भेटतोय?"

"शनिवारी. निरोपाचा चहा."

"मग बघ हं. शनिवारी नाही बोललीस तर हा भूगोल मी दुसऱ्या कुणाकडून वाचून घेईन. नद्यासुद्धा उसासे टाकतायत सकाळपासून!"

तनयानं ठरवलं, बोलायचं. पण त्याआधी तिनं एक गोष्ट केली, आणि तीच नडली. ती डॉक्टरांकडे गेली आणि तासाभरात लाली घालवतं ते जेल तिनं मागितलं. पुन्हा तसं पेटलेलं तोंड घेऊन त्याच्यासमोर बसायचं नव्हतं तिला. या वेळी त्यानं एक शांत, नितळ चेहरा पाहावा. आठवण राहिलीच तर त्या चेहऱ्याची राहावी.

"याला औषध म्हणायचं, पण हा पडदा आहे," डॉक्टर म्हणाल्या. "शिरा काही तास आकसून राहतात. आधी एक दिवस घरी लावून बघा. आणि रोज वापरायचं नाही, नाही तर लाली दुप्पट जोमानं परत येते. कार्यक्रम काय आहे?"

"निरोप आहे एक... एका मित्राचा."

डॉक्टरांनी चष्म्यावरून पाहिलं. "माझ्या मशीनचा पण निरोप असेल मग त्याच दिवशी," त्या म्हणाल्या आणि चिठ्ठी फाडून दिली.

शनिवारी चार वाजता ती अमृततुल्यमध्ये पोचली. अंगात आकाशी कुर्ता, आणि चेहरा असा, की तिचं तिलाच ओळखू येईना. एकसारखा, फिकट, कोरा. थंडीचे दिवस, पायऱ्यांवर कोवळं ऊन, आत बरण्यांच्या काचेवर वाफ. आमोद आधीच येऊन बसला होता.

"किती वेगळी दिसतेस आज," तो म्हणाला.

"चांगली की वाईट?"

"वेगळी." त्यानं बशी पुढ्यात ओढली, पण चहा ओतला नाही. मग एका दमात बोलला, टेबलाकडे पाहत. "तनया, एक सांगायचं होतं. एकदा सांगून झालंय आणि त्याचं उत्तरही मिळालंय, तरी... परवा निघायचंय मला, आणि न सांगता गेलो तर इंदूरला जाऊनही तेच डोक्यात राहील. मला तू अजून आवडतेस. तेव्हापेक्षा जास्तच. बस, एवढंच."

तनयाच्या छातीत अशी काही धडधड सुरू झाली की ती दुकानभर ऐकू जाईल असं तिला वाटलं. हात थरथरत होते, ते तिनं ओढणीखाली घेतले. त्यानं मान वर केली, तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तसंच, अगदी तसंच!

आणि चेहरा? चेहरा ढिम्म. गालांवर रंगाचा ठिपका नाही.

"समजलं," आमोद हळूच हसला. वाईट हसू होतं ते. "निदान या वेळी चिडली नाहीस. तेवढी प्रगती झाली आपली."

"चिडले? मी? कधी?"

"खडकीला. ते तोंड मी विसरेन का? लालबुंद झाली होतीस, डोळ्यांत पाणी, ओठ घट्ट मिटलेले. दिव्याखाली लाल व्हायचीस ते निराळं. हा राग होता. दत्तप्रसादशी भांडायचीस तेव्हा ओठ असेच आवळायचीस तू. मला वाटलं, आता इथं थांबलो तर चारचौघांत कानाखाली बसेल... म्हणून चढलो गाडीत."

"अरे, मिसळ होती ती!" तनया जवळजवळ ओरडलीच. "पैजेची मिसळ, वर कडक चहा, दोन वाजताचं ऊन! ओठ भाजले होते माझे! आणि तू असं काही विचारलंस... माझ्या तोंडातून शब्द फुटेना आणि तू सॉरी म्हणून गेलास निघून. मला वाटलं, माझं तोंड बघून पळालास."

"तुझं तोंड बघून?" आमोदच्या चेहऱ्यावरचं सगळं हसू पुसलं गेलं. "अगं, ते तोंड बघायला तर मी खडकीला यायचो. खडकीत कुठं वायर मिळते?"

टेबलावर चहा होता, बशी होती, आणि मध्ये चौदा वर्षं पसरली होती. किती दिवाळ्या गेल्या, तिचे किती वाढदिवस, त्याच्या वडिलांचं आजारपण, ज्यात ती जवळ असायला हवी होती. एका फोनचं काम होतं. एकानं विचारलं असतं, चिडलीस का? दुसरीनं विचारलं असतं, पळालास का? दोघंही नुसतं तोंड वाचून मोकळे झाले. तनयाला हसू आलं आणि रडूही, आणि चेहऱ्याला त्यातलं काही कळलं नाही.

"आणि आता?" आमोदनं विचारलं. "आता तर काहीच दिसत नाही मला. कोरी पाटी."

"जेल लावलंय, मूर्खा! मुद्दाम लावलंय. तुझ्यासमोर लाल व्हायचं नव्हतं म्हणून." तिनं ओढणीखालचे हात वर काढून टेबलावर ठेवले. ते अजून थरथरत होते. "तू आता माझ्या तोंडाकडे बघूच नकोस. नुसतं ऐक."

दिवसाला पुस्तकाची तीस-चाळीस पानं न अडखळता वाचणारी ती बाई, तिला स्वतःचं एक वाक्य जुळवायला वेळ लागला. दुसऱ्यांची वाक्यं समोर लिहिलेली असतात, स्वल्पविरामांसकट. हे वाक्य कुणी लिहून दिलेलं नव्हतं.

"मला तू आवडतोस," ती म्हणाली. "तेव्हाही आवडायचास. त्या दिवशी मला हो म्हणायचं होतं. मधली सगळी वर्षं मला हो म्हणायचं होतं आणि आत्ताही हो म्हणायचंय. इंदूरला जायचं तर जा. तिकडं गाडी जाते, मी येईन, पुस्तकं काय, कुठंही बसून वाचता येतात. ते सगळं नंतर बघू. पण हो आहे माझं. ऐकलंस ना? हो."

आमोदनं आपले दोन्ही हात तिच्या थरथरत्या हातांवर ठेवले, आणि तनयानं पाहिलं की आधी त्याचे कान तांबडे झाले, मग गाल, मग कपाळ. डोळ्यांत पाणी उभं राहिलं. ओठ त्यानं घट्ट मिटून घेतले.

"चिडलास का?" तिनं विचारलं.

त्यानं जोरजोरात मान हलवली. मग नुसत्या मान हलवण्यानं भागणार नाही हे त्याला सुचलं असावं. त्यानं घसा खाकरला.

"नाही," तो म्हणाला, इतक्या मोठ्यानं की चहा गाळता गाळता मालकांनी वर पाहिलं. "अजिबात नाही!"